बिनपगारी कामाची वाटणी

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावातल्या एखाद्या साध्या मागाच्या कारखान्यात घटकाभर उभे राहून पाहा. कांडीवाला कांड्या भरतो, वहिफणीवाला ताण्याची सुते ओवून देतो, कामगार माग चालवतो, माग अडला की जॉबर धावतो आणि हिशेब दिवाणजी ठेवतो. कोणाचे काम कोणते, हे विचारावे लागत नाही. मजुरीच ते ठरवून देते.

आता श्रोतेहो, असा कारखाना मनात आणा, की जिथे मजुरी नाही, मालक नाही आणि कारागिरांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. तो चालेल का? चालतो! मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे जी आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी आणि वाटावी अशी असते, ती पुष्कळदा अशीच तयार होते.

मात्र हौसेने काम सुरू होते. ते टिकायला वाटणी लागते. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केला. त्याचा कोणता भाग कोण सांभाळतो, याची नावनिशीवार यादी त्या आज्ञावलीबरोबरच ठेवलेली असते. बदल कोणीही सुचवावा; तो तपासून घ्यायचा की नाही, हे त्या सांभाळणाऱ्याने पाहायचे. डेबियन या १९९३ च्या प्रकल्पाने तर १९९८ साली स्वतःची लेखी घटनाच केली. सभासद दरवर्षी प्रमुख निवडतात आणि प्रमुख कामे सोपवून देतो. त्याच घटनेत असेही म्हटले आहे की, कोणावरही कामाची सक्ती नाही. पण ठरलेल्या नियमांविरुद्ध कोणी वागू नये. स्वयंसेवकाला हुकूम देता येत नाही, हे ओळखूनच हा नियम केलेला आहे.

वाटणी नसली तर काय होते? एक्सझेड नावाची, फायली दाबून लहान करणारी छोटीशी आज्ञावली आहे. ती बरीच वर्षे मुख्यतः एकच गृहस्थ विनावेतन सांभाळत होते. ते थकले होते. टोपणनावाचा एक मदतनीस दोनेक वर्षे इमाने कामे करीत राहिला आणि शेवटी त्याच्या हाती किल्ल्या आल्या. मग त्याने आत चोरवाट ठेवली! मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ती सापडली. नाहीतर जगभरचे असंख्य संगणक उघडे पडले असते.

तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. प्रत्येक कामापुढे नाव असावे. त्या नावामागे दुसरा तयार माणूस असावा. महत्त्वाचा बदल दोघांच्या नजरेखालून जावा. आणि थकलेल्याला मानाने बाजूला होता यावे. आज्ञावली लिहिता न येणाऱ्यांनाही इथे जागा आहे: मराठी भाषांतर करा, चुका कळवा, माहितीपत्रक लिहा. जॉबर रजेवर गेला तरी माग चालू राहावा, एवढी तजवीज बिनपगारी कारखान्यालाही हवीच, नाही का?