कान का थकतात?

बार्शीटाकळीत सारवलेल्या जमिनींच्या जागी गुळगुळीत फरशी आली, आणि पाठोपाठ बैठकीत दोन दांडगे स्पीकर येऊन बसले. पाहुण्यांना गाणे ऐकवायचे म्हणून यंत्र सुरू होते आणि अर्ध्या तासात खोलीत वाजवणारा एकटाच उरतो, हे मी किती घरांत पाहिले! आमच्या आत्याबाई सरळ सांगतात, ‘‘बंद कर बाप्पा ते, डोकं दुखून राह्यलं.’’ याच आत्याबाईंनी वर्षानुवर्षे नागपूर आकाशवाणी ऐकली; तेव्हा मात्र डोके दुखल्याची तक्रार नव्हती.

हा वयाचा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. मध्यम लहरींच्या रेडिओत फार उंच स्वर पोचतच नाहीत. आवाज थोडा बोथट, पण सोसणारा. माणसाचा कान सेकंदाला २ ते ५ हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये कानाचा हा कल मोजून मांडला. काही स्पीकर नेमका हाच पट्टा उजळ ठेवतात. दुकानात पाच मिनिटे तो ‘स्वच्छ’ वाटतो, घरी तासाभरात टोचू लागतो.

त्यात आपली खोली! उघड्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब; आवाज चेंडूसारखा उसळतो. महागड्या यंत्रापेक्षा एक जाड सतरंजी, पडदे आणि गाद्यांची थप्पी अधिक काम करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढावेत, म्हणजे ढोलाची घुमघुम कमी होते. ट्रेबलचे बटण मध्यावरच बरे.

खरी भीती पुढेच आहे. थकलेल्या कानाला कमी ऐकू येते, म्हणून हात आवाज वाढवण्याकडे जातो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचवली आहे. ८८ झाले की चारच तास. शेजारी बसून बोलायला ओरडावे लागत असेल, तर आवाज नक्कीच जास्त आहे.

जुन्या ७८ च्या तबकडीची बाजू साडेतीन मिनिटांत संपे, एल.पी.ची विसेक मिनिटांत. कुणीतरी उठे, कानाला विसावा मिळे. आता गाणी संपतच नाहीत, तेव्हा तासाला दहा मिनिटे आपणच बंद करावे. आणि कानात शिट्टी वाजत राहून दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर तेल घालत न बसता अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे जावे.