चावी फिरेपर्यंत दोन टक्के

घर घेणाऱ्याची बाजू सगळ्यांना पाठ आहे. एजंटने दोनदा दार उघडून दाखवलं, चार फोन केले आणि ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्क्यांचे एक लाख साठ हजार मागितले. प्रत्येक घरात ही तक्रार एकदा तरी होऊन गेलेली असते. मी कोथरूडमधल्या एका एजंटच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलं, त्यामुळे मला काउंटरच्या अलीकडची बाजूही माहीत आहे. ती बाहेर येत नाही, कारण सांगणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच सोसायटीत गिऱ्हाईक शोधायचं असतं.

पहिली गोष्ट अशी, की पहिल्या भेटीत कमिशनवर कुणी घासाघीस करत नाही. ‘तुमचं काय असेल ते देऊ हो, आधी घर तर दाखवा,’ असं सगळेच म्हणतात आणि त्या वेळी ते मनापासूनच म्हणत असतात. मग वीसेक घरं पाहून होतात, टोकन दिलं जातं, सोसायटीची एनओसी येते, बँक कर्ज मंजूर करते. त्यानंतर आवाज बदलतो. ज्या दिवशी एजंटचं सगळं काम करून झालेलं असतं आणि हातात एक रुपयाही आलेला नसतो, नेमक्या त्या दिवशी भाव पाडला जातो.

आमच्या ऑफिसचे मालक, त्यांना सगळे काका म्हणायचे, एकदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबरची वाट पाहत बसले होते. घेणारे गृहस्थ शेजारी सरकले आणि म्हणाले, “काका, एक टक्का करा. घरात अजून रंगकाम आहे.” काका सव्वावर तयार झाले. ते विकणाऱ्या बाईंनी ऐकलं. त्यांनी लगेच आपल्या मुलाला पुढे केलं, “त्यांना सूट, मग आम्ही काय घोडं मारलंय?” पाच मिनिटांत दोन्हीकडून मिळून लाखभर रुपये गेले. दस्त नोंदवताना दोन्ही पक्षांना ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. या व्यवहारात ते होते स्वतः काका आणि मी. आम्ही दोघं उठून चहाला गेलो असतो, तर त्या दिवशी नोंदणीच झाली नसती. नंबर पुकारला गेल्यावर काका सगळ्यांच्या आधी खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पैसे वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे एजंटलाच वगळणं. यासाठी लिफ्ट फार सोयीची. एजंट दाराला कुलूप लावेपर्यंत घेणारा आणि विकणारा खाली पोचतात आणि तेवढ्यात फोन नंबरांची देवाणघेवाण होते. कर्वेनगरच्या एका फ्लॅटचं असंच झालं. आम्हाला दोघांचाही निरोप आला, ‘सध्या विचार रद्द केलाय.’ दोघांचा विचार एकाच दुपारी रद्द झाल्यावर काय ते समजलंच. काही महिन्यांनी मात्र ते दोघंही जोडीने ऑफिसात हजर. फ्लॅट मूळचा विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होता. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लागलं होतं आणि नॉमिनी म्हणजेच मालक, असं त्याने गृहीत धरलं होतं. बँकेच्या वकिलाने नाशिकच्या बहिणीचं हक्कसोडपत्र मागितलं आणि बहीण भावाशी बोलत नव्हती. काकांनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. फ्लॅट बाजारात आणण्यापूर्वीच ते स्वखर्चाने नाशिकला जाऊन बहिणीला भेटून आले होते. हक्कसोडपत्र करून द्यायला ती तयार होती, तिच्या अटी त्या पत्रात होत्या. दोन वेळा दार उघडण्याचे एवढे पैसे का, याचं उत्तर बहुतेक वेळा अशा ड्रॉवरमध्ये असतं.

सगळेच एजंट असे असतात, असं मी म्हणणार नाही. आमच्याच भागात एक जण दोन्ही बाजूंकडून पूर्ण कमिशन घ्यायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, ‘समोरच्याकडून मी काही घेत नाही, सगळा भार तुमच्यावरच आहे, पण काम चोख करतो.’ हे बरेच दिवस चाललं. मग एका व्यवहारातल्या विकणाऱ्याने त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना त्याची जुन्या घराच्या नव्या मालकाशी गाठ पडली आणि दोघांनी आकडे जुळवून पाहिले. त्या सोसायटीच्या गेटवर पुढे प्रत्येकच एजंटला अडवायला लागले, आम्हालाही. लोकांचा अविश्वास असा कुणाच्या तरी करणीने तयार होतो आणि त्याची किंमत भलताच मोजतो.

भाड्याच्या घरात तर वाटेकरीच इतके, की भाडेकरूने कमिशन कमी केलं की भांडण आमचं आमच्यातच लागायचं. एक महिन्याचं भाडं कमिशन म्हणून घ्यायची पद्धत. बाणेरच्या तीस हजार भाड्याच्या फ्लॅटचा भाडेकरू पंधरा दिवसांवर अडून बसला. म्हणजे पंधरा हजार. मालक एका ब्रोकरच्या ओळखीचा, त्याने दुसऱ्याला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळवलेलं, दुसऱ्याने आम्हाला, आणि चावी वॉचमनकडे. घर दाखवणं, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा मसुदा, अंगठ्याचं मशीन घेऊन रात्री साडेनऊला घरी जाऊन नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, सगळं आम्ही केलं. शेवटी आमच्या वाट्याला साडेतीन हजार आले. सगळ्यांत जास्त पाच हजार मिळाले वॉचमनला, कारण चावी हातात देण्यापूर्वी पैसे घेणारा त्या साखळीत तो एकटाच होता.

नव्या प्रकल्पांत चित्र वेगळं. तिथे कमिशन बिल्डर देतो, घेणाऱ्याच्या खिशाला हात लागत नाही. तरीही दबाव येतोच. त्याला धंद्यात ‘पासबॅक’ म्हणतात. ‘बिल्डर तुम्हाला देतोय ना, त्यातलं अर्धं मला परत करा, नाहीतर दुसऱ्यातर्फे बुक करतो.’ विक्रीचा आकडा वाढला की बिल्डर पुढचा स्लॅब देतो, त्यामुळे महिनाअखेरीला एखाद-दुसऱ्या बुकिंगसाठी एजंट हवी ती अट मान्य करतात. वाकडच्या एका प्रकल्पाच्या वेळी एका तरुण इंजिनिअरने पाच एजंटांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावली. शेवटी एकाने जवळजवळ सगळं कमिशन परत द्यायचं कबूल केलं. बुकिंगच्या दिवशी सेल्स ऑफिसात टॅगिंग तपासलं गेलं, म्हणजे हे गिऱ्हाईक कुणी आणलं याची नोंद. त्यात पाचांपैकी एकाचंही नाव नव्हतं. आदल्या आठवड्यात मध्यरात्री त्या मुलाने स्वतःच बिल्डरच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरला होता. त्याची नोंद ‘डायरेक्ट’ म्हणून झाली. एजंटला शून्य, आणि एजंटच्या कमिशनमधून परत मिळणार होतं त्याचंही शून्य.

आणखी एक प्रकार पूर्वी सर्रास चालायचा आणि मला तो तेव्हाही आवडत नव्हता. व्यवहारातला काही भाग कागदावर येत नसे. किंमत ठरवताना पूर्ण रक्कम, पण कमिशनची वेळ आली की ‘करारात जेवढी रक्कम आहे, तेवढ्यावरच घ्या.’ जी रक्कम अस्तित्वातच नाही, तिच्यावर टक्के मागायचे कुठे? एका व्यापाऱ्याने असं करून आमचं कमिशन बरंच खाली आणलं. काही वर्षांनी त्याने तो फ्लॅट विकला, या वेळी पूर्ण रक्कम कागदावर. कागदावर खरेदी कमी आणि विक्री जास्त, त्यामुळे भांडवली नफा फुगला आणि त्याच्यावर कर बसला. तो आमच्याकडे आला होता, मूळ किंमत अमुक होती असं लेटरहेडवर लिहून मागायला. काकांनी त्याला चहा दिला. पत्र दिलं नाही.

२०२० सालचा सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मी विसरणार नाही. करोनानंतर बाजार हलावा म्हणून सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं होतं. एक कोटीच्या घरामागे तीन लाखांची बचत. डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या आणि तोंडाला मास्क लावून लोक पहाटेपासून उभे राहिले. एका गिऱ्हाइकाला काकांनी फोन करून सांगितलं, “साहेब, रांगेत येऊच नका. ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून ठेवा, नोंदणीला पुढे चार महिने आहेत.” तशी सवलत होतीच, पण घाईत अनेकांच्या ती लक्षात आली नव्हती. साहेबांनी घरबसल्या शुल्क भरलं, तीन लाख वाचवले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, “आता तर तुम्हाला ऑफिसलाही यावं लागलं नाही. एक टक्का ठीक आहे ना?” वास्तुशांतीला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी नवं मॉड्युलर किचन कौतुकाने दाखवलं. “कॉन्ट्रॅक्टर फार कडक,” ते म्हणाले, “एक रुपया सोडला नाही हो त्याने.”

कायदा या सगळ्यात कुठे आहे, असं मला विचारतात. रेरा महाराष्ट्रात २०१७पासून पूर्णपणे लागू झाला. एजंटला नोंदणी सक्तीची झाली, २०२३मध्ये महारेराने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. हे चांगलंच झालं. चारचौघांत ‘दलाल’ म्हणून झटकून टाकायची सवय त्यामुळे थोडी कमी झाली. पण रेरा नोंदणीकृत प्रकल्पांपुरता आहे. जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट आणि भाड्याचं घर, म्हणजे लहान एजंटचं रोजचं पोट, बहुतेक त्याच्या बाहेरच राहतं. आणि कमिशन किती, हे तर त्या कायद्यात कुठेच ठरवलेलं नाही.

अमेरिकेत उलट्या टोकाला जाऊन गोष्ट मार्गी लागली. तिथे घर विकणाऱ्यांनीच एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला कोर्टात खेचलं. २०२३ साली कॅन्सस सिटीच्या ज्युरीने सुमारे १.८ अब्ज डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्या तडजोडीमुळे ऑगस्ट २०२४पासून नियम बदलला. खरेदीदाराला घर आत नेऊन दाखवण्यापूर्वी एजंटने त्याच्याशी लेखी करार करायचा आणि आपला मोबदला त्यात स्पष्ट लिहायचा. खटला एजंटांच्या विरुद्ध होता, पण या एका कलमाने प्रामाणिक एजंटचंही भलं केलं. मोबदल्याचं बोलणं पायताण काढण्यापूर्वीच उरकून जातं.

आमच्या भागात हे काम एका ताईने अमेरिकेची बातमी येण्याच्या आधीच सुरू केलं होतं. ती महारेराची परीक्षा देऊन आली आणि तिने एक पानी फॉर्म छापून घेतला: कोणती घरं दाखवली, कमिशन किती, ते कधी द्यायचं, खाली सही. सही झाल्याशिवाय चावी काढायची नाही. जुने एजंट हसले, काका सगळ्यांत मोठ्याने. ‘हिच्या दारात कोण उभं राहणार?’ पहिल्याच आठवड्यात तिची दोन गिऱ्हाइकं उठून गेली. तिसरे निघाले वकील. त्यांनी फॉर्म शांतपणे वाचला, खाली ठेवला आणि म्हणाले, “मी यावर सही करणार नाही.” ताईने चावी परत पाकिटात टाकली. तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं. “हे अर्धवट आहे म्हणून करणार नाही. करार कायद्याचं २१९ कलम बघा. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. तुम्ही ‘व्यवहार झाल्यावर’ असं लिहिलंय. कोणता व्यवहार? टोकन, करार की ताबा?” त्यांनी ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: निम्मी रक्कम टोकनच्या दिवशी, उरलेली दस्तावर अंगठा उठवण्यापूर्वी. मग आकड्याकडे पाहिलं, दोनाचा दीड करून घेतला आणि सही केली.

तो दीड टक्का तिला शेवटच्या रुपयापर्यंत ठरलेल्या दिवशी मिळाला. तोंडी दोन टक्के ठरवून आम्ही त्या वर्षी सरासरी किती घरी नेले, ते काकांनी वही काढून पाहिलं आणि मला ताईच्या ऑफिसात पाठवलं, त्या फॉर्मची एक कोरी प्रत मागायला.