ऑपरेशनच्या आधीचा डॉक्टर

माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे हे नाव 2017 साली सगळ्या महाराष्ट्राला कळलं. बीड पोलिस दलात महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या साळवे यांनी लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी महिनाभराची रजा मागितली. स्त्री आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे, या कारणावर ती नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हा नोकरीचा विषय आहे, मॅटकडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे) जा, असं न्यायालयाने सांगितलं. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली.

त्या बातम्यांनी मोठं काम केलं, पण एक गैरसमजही पक्का केला. ‘लिंगबदल’ म्हणजे ऑपरेशन, गेले आणि बदलून आले, असं लोक धरून चालले. साळवे यांच्या तपासणीत पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. म्हणजे वैद्यकाच्या नजरेने त्यांची गोष्ट बहुतेक ट्रान्स व्यक्तींपेक्षा वेगळी. बाकीच्यांचा रस्ता बहुधा आधी हार्मोनच्या डॉक्टरकडून जातो, आणि कित्येक जण ऑपरेशनपर्यंत जातच नाहीत.

हा डॉक्टर ओळखायचा कसा? ‘ट्रान्सजेंडर उपचार’ अशी पाटी शोधत फिरलात तर हाती काही लागणार नाही. शोधायचा तो एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे एमबीबीएस, एमडी आणि त्यावर डीएम झालेला अंतःस्रावांचा तज्ज्ञ. त्याच्या पाटीवर बहुतेक वेळा ‘मधुमेह व थायरॉइड’ एवढंच असतं. हे सुपरस्पेशालिस्ट मोठी शहरं सोडत नाहीत, त्यामुळे बीडकराची नजर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईकडे. बीडला रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला, तीही अहिल्यानगरपर्यंत. पुण्याची सकाळची ओपीडी गाठायची तर रात्रीची ट्रॅव्हल्स आहेच. म्हणून निघण्याआधी फोन करून सरळ विचारावं, ‘डॉक्टर ट्रान्स पेशंटचे हार्मोन्स बघतात का?’ पलीकडून शांतता पसरली तर तिकिटाचे पैसे वाचले. मुंबईत 1994 पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था ओळखीचे डॉक्टर सांगू शकतात. पुण्यात आणि कल्याणमध्ये ट्रान्स समाजासाठी ‘मित्र’ क्लिनिक होती. अमेरिकी मदत गोठल्यावर जानेवारी 2025 मध्ये ती बंद पडली. परक्याच्या पैशावर उभ्या सोयीचं हेच होतं.

सरकारी दवाखान्यात पहिली परीक्षा केस पेपरच्या खिडकीवर होते. मागे पन्नास माणसांची रांग, आत मान खाली घालून लिहिणारा कर्मचारी, आणि नावाला चेहरा जुळत नाही म्हणून मोठ्याने विचारलेला प्रश्न. कितीतरी जण तिथूनच परत फिरतात. आत डॉक्टर चांगला असून उपयोग काय?

पहिल्या भेटीत औषध मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. बहुतेक डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागतात. ही वेडाची तपासणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढला आहे. माणसाला आपण काय सुरू करतोय हे समजलंय ना, निर्णय त्याचा आहे ना, एवढंच त्या चिठ्ठीने सांगायचं असतं. ‘औषधाने हे विचार घालवून देतो’ असं कुणी म्हणाला तर उठून यावं. असले उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत. अठरा पूर्ण झालेल्याला आईवडिलांची सही लागत नाही. मग रक्ताच्या तपासण्या होतात: हिमोग्लोबिन, साखर, लिव्हर, कोलेस्टेरॉल, हार्मोन्सची पातळी. आणि पुढे मूल हवंय का, हा प्रश्न. तो टाळू नये. बीज गोठवून ठेवायचं तर उपचाराआधीच.

मुलगी म्हणून वाढलेल्या ट्रान्समॅनला टेस्टोस्टेरॉन देतात, बहुधा इंजेक्शनने. सस्टॅनॉन नावाची अँप्युल नेहमीची. त्यातलं औषध शेंगदाण्याच्या तेलात विरघळवलेलं असतं, म्हणून ते घट्ट. जाड सुईने ओढायचं, स्नायूत हळूहळू सोडायचं, दुसऱ्या दिवशी बसताना आठवण राहते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायचं. डोस साधारण दोन ते चार आठवड्यांनी. बहुतेकांची पाळी सहा महिन्यांच्या आत थांबते, पण पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. आवाज फुटायला काही महिने लागतात, दाढी भरायला काही वर्षं. औषध सोडलं तरी हे दोन्ही बदल मागे फिरत नाहीत. आपल्याकडे हिमोग्लोबिन वाढलं की आनंद होतो. इथे ते फार वाढलं तर रक्त घट्ट होतं आणि डोस कमी करावा लागतो.

ट्रान्सवुमनला इस्ट्रॅडिओल, सोबत टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष हवं. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांत सुरुवात होते, पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं जातात. आवाज बदलत नाही, दाढी जात नाही. हे आधीच ऐकलेलं बरं. सिगारेट सुटली पाहिजे, कारण इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

डॉक्टर सापडत नाही म्हणून मेडिकलमधून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला दोन-चार खाणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्या गोळीतलं इथिनाइल इस्ट्रॅडिओल हे वेगळं औषध आहे आणि गुठळीचा धोका त्याने जास्त वाढतो.

हार्मोन्सकडे दुर्लक्षाची किंमत बीडला नवी नाही. ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जातात का, हे पाहायला 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यासोबत अंडाशयंही गेली असतील तर इस्ट्रोजेन एकदम थांबतं आणि हाडं लवकर पोखरतात. हिजडा समाजात निर्वाण, म्हणजे लिंग व अंडकोष काढणं, केलेल्या व्यक्तीने पुढे हार्मोन्स घेतले नाहीत तर तिच्या हाडांचंही तेच होतं. कापणारे भेटतात, नंतर विचारणारं कुणी नसतं.

कायदा बाजूने आहे. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या 15 व्या कलमात हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाखांच्या संरक्षणाचा करारही झाला. त्याच्या कार्डासाठी ट्रान्सजेंडर असल्याचं सरकारी ओळखपत्र लागतं. खासगी डॉक्टरकडे औषध सुरू करायला ते लागत नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा, आणि हे जवळपास आयुष्यभर. त्यातलं सुरुवातीचं काम तज्ज्ञाचं. पुढचं रक्त बघणं, बीपी मोजणं, इंजेक्शन देणं यासाठी पुण्याची गरज नाही. अंबाजोगाईला 1970 च्या दशकापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, गल्लोगल्ली एमडी फिजिशियन आहेत. तिथल्या डॉक्टरांना एकच विनंती: शहरातल्या तज्ज्ञाची फाइल घेऊन असा पेशंट आला तर ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणू नका. फाइलवर तज्ज्ञाचा नंबर असतो, तो लावा.