हात हलला नाही, तर टक्कर!

बालमित्रांनो, आमच्या गंगापूरच्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांचं मोठं पाणी म्हणजे कायगावची गोदावरी आणि जायकवाडीचा फुगवटा. म्हणून बंदरांचा धडा शिकवताना मी वर्गात एक खरी घटना सांगितली.

७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन मोठी जहाजं भर दिवसा एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडलं. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, बंदरातली वाहतूक काही दिवस बंद पडली. नशीब, खलाशी वाचले.

लगेच एकानं हात वर केला. "गुरुजी, एवढा मोठा समुद्र! आणि जहाजावर रडार असतं ना? मग टक्कर होतेच कशी?"

प्रश्न लाखमोलाचा! त्यासाठी आधी रडार म्हणजे काय ते पाहू.

विहिरीत डोकावून हाक मारली की आवाज परत येतो ना? रडार तेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतं. जहाजावर उंच ठिकाणी एक आडवी पट्टी गरगर फिरत असते. तिच्यातून लहरी सुटतात, दुसऱ्या जहाजावर आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. या लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. पट्टीचं तोंड कुठं होतं, त्यावरून दिशा कळते. रात्र असो की धुकं, ठिपका दिसतोच.

पण नुसता ठिपका दिसून भागत नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अटलांटिक महासागरात धुकं होतं. ‘आंद्रेया डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या दोन्ही जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. तरी टक्कर झाली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. ‘डोरिया’वर ठिपक्याची रीतसर नोंद ठेवलेली नव्हती.

नोंद कशासाठी? आम्ही पटांगणावर एक खेळ केला. दोन मुलं दोन कोपऱ्यांतून एकाच खांबाकडे सरळ, एका वेगानं चालू लागली. एकानं हात सतत दुसऱ्याच्या दिशेनं धरायचा. हात हळूहळू पुढं किंवा मागं सरकला, तर दोघं सुखरूप निघून जातात. हात जागचा हललाच नाही आणि अंतर मात्र घटत गेलं, तर खांबापाशी टक्कर ठरलेली! दोन-तीनदा धडकल्यावर पोरांना हे पक्कं समजलं.

जहाजावरचा अधिकारी हेच करतो. ठराविक वेळानं ठिपक्याची दिशा आणि अंतर टिपतो. त्यासाठी सहा मिनिटं फार सोयीची, कारण ती तासाचा बरोबर दहावा भाग. समजा, ठिपका आठ सागरी मैलांवर होता आणि सहा मिनिटांनी सहा मैलांवर आला. दिशा तीच. मग उरला किती वेळ? करा गणित! अठरा मिनिटं. तेवढ्यात वळायला हवं, तेही लवकर आणि चांगलं ठळक. जरा-जरा वळलं, तर समोरच्याला ते कळतच नाही.

आता हे गणित संगणक करतो. तरीही अधिकाऱ्यांना ते शिकावंच लागतं. मुंबईत १९४८ साली सुरू झालेलं, लाल बहादूर शास्त्रींच्या नावाचं सरकारी सागरी महाविद्यालय आहे. असे अभ्यासक्रम तिथं चालतात. तिथल्या खोलीत खोटा समुद्र असतो, खोटी जहाजं असतात. चुका तिथं करायच्या, म्हणजे खऱ्या समुद्रावर होत नाहीत.

यंत्र दाखवतं, पण लक्ष माणसानंच ठेवायचं असतं. एकदा पाहिलं म्हणजे झालं, असं नाही. पुन्हा पुन्हा पाहायचं. हा खेळ तुम्हीही खेळा. पण पटांगणावर बरं का, रस्त्यावर नको!