साठीनंतरचा रक्तदाब आणि शरीरातला मंद दाह

‘साठी उलटली की बीपी वाढायचंच’ हे वाक्य गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर आजही ऐकू येतं. याला अडाणीपणा म्हणून हिणवू नये, कारण विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही हेच सांगत. वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा आकडा चालतो, असा ठोकताळा होता. म्हातारपणी रक्तवाहिन्या ताठर होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब लागणारच, असं त्यामागचं गणित. या समजुतीपायी किती माणसं लकव्यानं अंथरुणाला खिळली असतील, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

त्या काळात दाब उतरवायची साधनंही तुटपुंजी होती. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे परिणाम मांडले. सह्याद्रीच्या दमट रानातही सापडणारी ही वनस्पती त्या निबंधामुळे जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. १९५२ मध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रानं या कामाची आठवण जेवढी ठेवायला हवी होती तेवढी ठेवलेली नाही, असं मला वाटतं.

औषधं आली, तरी म्हाताऱ्यांना ती द्यावीत का, हा वाद चालूच राहिला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘शेप’ चाचणीनं त्याला मोठा धक्का दिला. साठीपुढच्या ४,७३६ जणांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. २००८ च्या ‘हायव्हेट’ चाचणीत ऐंशीच्या पुढच्या माणसांनाही औषधाचा फायदा झाला. वाढत्या वयात दाब वाढणं नेहमीचं असेल, पण ते निरुपद्रवी नाही, हे एवढ्या उशिरा पक्कं झालं.

वाहिन्या ताठर का होतात, हा प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचं एक उत्तर दाहाच्या अभ्यासातून आलं. जखम झाली, जंतू शिरले, की शरीर तिथे पेशी आणि रसायनं धाडतं; जागा लाल होते, सुजते, काम संपलं की शांत होते. वय वाढतं तशी ही यंत्रणा पूर्ण शांत होईनाशी होते आणि शरीरभर मंदपणे चालू राहते. इटलीतल्या क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली या म्हातारपणच्या दाहाला वेगळं नाव दिलं. हा दाह वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतो. वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तिथे कमी पडतो आणि भिंतींत तंतू साचतात. मूत्रपिंडही मीठ धरून ठेवायला लागतं. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा बरेचदा तिथेच राहतो किंवा उतरतो.

दाह मोजण्याची खूण म्हणजे सीआरपी. हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. आपल्या गावांत हे नाव पोहोचलं ते कोविडच्या काळात, तपासणीच्या कागदावरून. २००३ मध्ये हॉवर्ड सेसो आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब नसलेल्या २०,५२५ अमेरिकन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांचं सीआरपी सर्वांत जास्त होतं, त्यांना पुढच्या आठेक वर्षांत रक्तदाब जडण्याचा धोका सर्वांत कमी असलेल्यांच्या दीडपट निघाला. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात टी-पेशी नसलेल्या उंदरांचा दाब फारसा चढेना. त्या पेशी परत दिल्या तेव्हा तो चढला. संशय घट्ट झाला.

मग दाह दाबला की दाब उतरेल का? २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवर दाहविरोधी औषध वापरून पाहिलं. हृदयाच्या गंभीर घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, रक्तदाब मात्र उतरला नाही. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे. दाह आणि रक्तदाब यांचं नातं खरं आहे, पण एक धागा ओढून सुटावा इतकं ते सरळ नाही. दाहाच्या नावाखाली काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांनी हे लोकांना सांगितलेलं नाही.

आता गगनबावड्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. मुसळधार पाऊस, भात, नाचणी, ऊस. इरलं पांघरून चिखलात दिवसभर वाकून रोपलागण करायची, त्यात साठीच्या, सत्तरीच्या बायकाही असतात. गुडघे, कंबर धरतात. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते, एक संपली की दुसरी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या या गोळ्या दाह कमी करणाऱ्याच आहेत आणि त्याच रक्तदाब वाढवतात. त्या मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लँडिन्स अडवतात, मीठ आणि पाणी अंगात राहतं, शिवाय दाबाच्या कित्येक गोळ्यांचा जोरही कमी होतो. १९९४ च्या एका एकत्रित विश्लेषणात ही वाढ सरासरी पाच अंशांची निघाली. आधीच चढलेल्या दाबावर पाच अंश म्हणजे थोडं नव्हे. बीपीची गोळी नेमानं घेऊनही दाब आटोक्यात येत नाही, तेव्हा गुडघ्याच्या गोळीची चौकशी आधी व्हायला हवी.

मिसरीचंही तसंच. तंबाखू भाजून दात घासायची सवय इकडच्या म्हाताऱ्या बायकांत खोल रुजलेली आहे. निकोटिन त्या वेळी दाब वाढवतंच, शिवाय हिरड्या बिघडतात. २०१९ मध्ये पोलंडमधल्या एका चाचणीत रक्तदाब आणि हिरड्यांचा आजार दोन्ही असलेल्या १०१ जणांपैकी ज्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार झाले, त्यांचा वरचा आकडा दोन महिन्यांत सुमारे ११ अंशांनी उतरला. चाचणी छोटी होती, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. चुलीचा धूर आणि पावसाळ्याच्या बेगमीतलं मीठ, म्हणजे लोणचं, पापड, सुकी मासळी, यांचाही हिशेब आहेच.

करूळ घाट उतरला की वैभववाडी, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्गही होता. ठरलेली स्वस्त औषधं, महिन्याचा साठा एकदम आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, इतकी साधी ती रीत. दाहावरचं संशोधन चालू राहील, राहायलाच हवं. पण आज लकवा टाळणारं आहे ते एवढंच.

म्हणून घरात साठीपुढचं माणूस असेल तर या महिन्यात एकदा त्याचा दाब मोजून घ्या. गुडघ्याची गोळी किती दिवस चालली आहे ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना न विसरता सांगा, आणि दाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू देऊ नका.