चातुर्मासापूर्वीं निघावयाची पेटी

चातुर्मास लागला म्हणजे आपल्या मोठ्या घरांतून सायंकाळीं पोथी लागत असे. वाचणारा एक, ऐकणारीं दहा. त्यांत अक्षरओळख नसलेल्या आजीबाईही असत, आणि काल अध्याय कोठें थांबला हें नेमकें त्यांनाच ठाऊक असे. पावसानें बाहेरचीं कामें अडत, म्हणून वाचनाला हा काळ सोयीचा.

याच चार महिन्यांचें दुसरें रूप गडचिरोली जिल्ह्यांत भामरागडास दिसतें. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा तेथें संगम आहे. पर्लकोटेला पूर आला कीं ठेंगण्या पुलावरून पाणी जाई, आणि पलीकडचीं गांवें दिवसच्या दिवस जगापासून तुटून राहत. वाचावयास सवड पुष्कळ, पण हातीं पुस्तक नाहीं. ज्या जिल्ह्याचें तीनचतुर्थांशांहून अधिक क्षेत्र वनाखालीं आहे, तेथें ‘सार्वजनिक वाचनालय’ या शब्दाचा अर्थ काय करावा, हा प्रश्न येथून सुरू होतो.

वाचनालय ही संस्था महाराष्ट्राला नवी नव्हे. रत्नागिरीचें १८२८ चें, नाशिकचें १८४० चें, पुण्याचें १८४८ चें. जेथें कचेऱ्या, शाळा आणि छापखाने यांचा मेळ बसला तेथें वर्गणीदार जमले व वाचनालय उभें राहिलें. चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, हा त्या काळीं मध्यप्रांतांत मोडे. मुंबई सरकारनें १९३९ सालीं फैजी समिति नेमली. तिनें मुख्य शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची पायरीपायरीनें योजना आंखून दिली. पण ती योजना मुंबई इलाख्यापुरती. चांद्याच्या रानाला तिचा उपयोग नव्हता. १९५६ सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाल्यावर मग या जिल्ह्याला रत्नागिरी-पुण्याच्या पंक्तीस पान मिळालें. तिकडे वाङ्मयाची आवडच नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. साहित्य संमेलन चंद्रपुरास दोनदां भरलें आहे: १९७९ सालीं वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखालीं व २०१२ सालीं वसंत आबाजी डहाके यांच्या.

तथापि पान मांडलें म्हणजे वाढलें असें होत नाहीं. या कायद्याची रीत अशी कीं गांवकऱ्यांनीं आधीं संस्था स्थापावी, ती नोंदवावी, पुस्तकें व वाचक जमवावे. मग अ, ब, क, ड या वर्गवारीप्रमाणें सरकारनें अनुदान द्यावें. कर्नाटकांत व तामिळनाडूंत ग्रंथालयांसाठीं उपकर बसविलेला आहे. आपल्या कायद्यांत तो नाहीं. त्यामुळें जेथें चार शिकलेलीं माणसें, जागा आणि वर्गणी देणारीं घरें आहेत तेथें एकास दोन वाचनालयें निघतात, आणि तीस-चाळीस घरांच्या पाड्याला हिशेबाची वही ठेवणाराही मिळत नाहीं. कायदा अन्यायी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो शहराचा पाय मोजून बेतलेला जोडा आहे.

रानाच्या पायाला बसेल असा जोडा बडोद्यास पूर्वींच झाला होता. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले, आणि त्या राज्यांत फिरतीं वाचनालयें निघालीं. लाकडाच्या पेटींत निवडक पुस्तकें भरून ती खेड्यांत पाठवावयाची. गांवानें ती मुदतीपुरती ठेवून घ्यावयाची, वाचावयाचीं, परत करावयाचीं. खेड्याला वर्गणी नाहीं. वाचकानें वाचनालयाकडे जाण्याऐवजीं वाचनालयानेंच वाचकाकडे जावें, एवढी ही साधी गोष्ट. अलीकडे गडचिरोली पोलीस दलानें ‘एक गाव, एक वाचनालय’ असा उपक्रम दुर्गम गांवांतून हातीं घेतला, त्यांतही पुस्तक दारीं नेण्याचीच दृष्टि आहे.

पेटींत काय भरावें, हें मात्र बडोद्याकडून शिकतां येत नाहीं. येथील मुलाची घरची भाषा गोंडी किंवा माडिया, सिरोंच्याकडे तेलुगु. आपल्या मराठी पुस्तकाला त्या घरीं पाहुणा म्हणूनच जावें लागतें, आणि पाहुण्यानें यजमानाच्या रीतीनें वागावें. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, यावरून लोकांचा कल कळतो. म्हणून चित्रांचीं पुस्तकें भरपूर हवींत, गोंडींत छापलेलें जें मिळेल तें हवें, आणि मोठ्या टाइपाचें मराठी हवें.

आणि मोठ्यानें वाचणारा माणूस हवा. त्याच तालुक्यांत मेंढा (लेखा) या गांवीं अभ्यासगटाची प्रथा आहे. सर्वांनीं बसावें, एक विषय घ्यावा, जाणत्याला विचारावें, वाद घालावा. वनाधिकाराचा २००६ चा कायदा या लोकांनीं असा समजून घेतला, व २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. सारे गांवकरी साक्षर नव्हते. ऐकणारे मात्र सारे होते. आमच्या आजीबाईंना हें नवल वाटलें नसतें.

आतां देणाऱ्यांविषयीं. दोन वर्षांमागें आम्हीं माळ्यावरचा एक गठ्ठा मोठ्या उदारपणें एका वाचनालयास धाडला. त्यांत जुनीं क्रमिक पुस्तकें, दिवाळी अंकांचे सुटे फर्मे, आणि पहिला भाग हरवलेली एक कादंबरी होती. ग्रंथपालांचें सौजन्यपूर्ण पोंचपत्र आलें. त्यांत कादंबरीचा पहिला भाग सवडीनें पाठवावा, वाचक विचारतात, अशी विनंती होती. तें वाचून घरांत कोणी बराच वेळ बोललें नाहीं. रद्दीवाल्यानें नाकारलेलें पुस्तक आम्हीं दान म्हणून दिलें होतें.

गठ्ठा बांधतांना आम्ही आतां इतकें पाहतों: पुस्तक पुरें आहे काय, आणि तें आपल्या घरच्या मुलाच्या हातीं आपण दिलें असतें काय. शब्दकोश, आरोग्याचीं व बाळंतपणाचीं पुस्तकें, शेतीचीं, स्पर्धापरीक्षांचीं चालू आवृत्तीचीं, सोपीं चरित्रें यांना मागणी असते. पेटी पत्र्याची बरी. लाकडाला वाळवी लागते. आंत वेखंडाच्या पुरचुंड्या टाकाव्या, वरून मेणकापड. एक कोरी वही व पेन्सिल दोऱ्यानें झांकणाला बांधून द्यावी, म्हणजे पुस्तक कोणाकडे गेलें तें लिहितां येतें. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणी ओळखीचे शिक्षक अथवा ग्रंथपाल असतील तर त्यांना आधीं पत्र घालून काय हवें तें विचारावें, आणि पेटी वैशाखांतच रवाना करावी. मृग लागला कीं पुढच्या वाटेचा भरंवसा उरत नाहीं.