हप्ता बसतो का?

सकाळी ९:०० – नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागलेली असते, तेव्हा मी दत्तवाडीतलं गृहकर्ज सल्ल्याचं कार्यालय उघडतो. पहिला फोन एका गोदामातल्या सुपरवायझरचा. "भाऊ, २६ लाखांचा फ्लॅट पाहिला. हप्ता बसतो का?" हाती पगार २८ हजार. बँक फार तर निम्मा पगार हप्त्याला धरते, म्हणजे १४ हजार. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी त्यात १६ लाखांचं कर्ज बसतं. वरचे १० लाख आणि मुद्रांक शुल्क खिशातून.

१०:३० – तो सुपरवायझर आणि त्याची बायको समोर बसतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० समजावतो. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, देशात कुठंही पक्कं घर नको, घर ३५ लाखांच्या आतलं. मग व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं अनुदान, तेही पाच वर्षांत. आधार मोठा आहे, पण १० लाखांची दरी त्यानं भरत नाही.

दुपारी १२:०० – म्हणून माणसं स्वस्त प्लॉटकडे वळतात. एका ताईंसोबत खडगाव रोडच्या बाजूचा प्लॉट बघायला जातो. चुन्याच्या रेघा आखल्यात, पण सातबारा शेतीचाच. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, आरएल (रिलीज लेटर) नाही. बेकायदा पाडलेले तुकडे नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याला २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांपुरती मुदत मिळाली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला ते छत्र नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही; मग सावकाराचं व्याज लागतं आणि स्वस्त प्लॉट सगळ्यांत महाग पडतो. ताईंना मी स्पष्ट नाही म्हणतो.

२:३० – बँकेत एका फाइलचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट अडलाय. जुन्या वारसाची फेरफार नोंद राहिलीय. ती होईपर्यंत कर्ज थांबणार आणि घरभाडं सुरूच राहणार.

४:०० – दुय्यम निबंधक कार्यालय. एका जोडप्याच्या घराचं विक्रीपत्र फक्त बायकोच्या नावानं होतंय, त्यामुळं मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. २० लाखांच्या घरावर २० हजार वाचले. तेवढ्या पैशात दारंखिडक्यांना जाळ्या बसतात.

६:३० – पाळी सुटल्यावरची गर्दी. अंबाझरी आयुध निर्माणीत कायम नोकरी लागलेल्यांना क्वार्टर मिळालं, निवृत्तीच्या पैशातून अनेकांनी वाडीतच घर बांधलं. आज गोदामात ठेकेदारीवर राबणाऱ्याकडे पगाराची पावतीच नसते. रोखीनं मिळणारा पैसा बँकेला दिसत नाही. त्याला भाडं भरता येतं, कर्ज मिळत नाही.

रात्री ८:०० – शटर ओढतो. वाडीच्या गोदामांत राबणाऱ्याला वाडीत घर मिळायचं असेल, तर नगरपरिषद आणि नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) यांनी मंजूर नकाशाचे लहान प्लॉट आणि चारपाचशे फुटांची घरं उभी राहतील असं बघायला हवं, आणि ठेकेदारानं पगार बँकेतून द्यायला हवा. घर घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: बयाना देण्याआधी सातबारा, एनए आदेश, मंजूर नकाशा आणि आरएल वकिलाला दाखवा. कागद नसेल तर रुपयाही देऊ नका.